पणजोबांचा रुमाल

आमच्या माळ्यावर पणजोबांच्या मोडी कागदांचा एक रुमाल होता. त्यातील एक पत्र घडीवर फाटलेले पाहून आम्ही मोठ्या ममतेने त्यास चिकटपट्टी लावली. दहा वर्षांनी पाहतो तो पट्टी सुकून गळालेली, तिचा चिकटा मात्र कागदात मुरून तेथे पिवळा डाग पडलेला! वाळवीने जे केले नाही, ते आमच्या प्रेमाने केले. तेल, पाणी व सैल बंधन यांपासून मला राख, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या अखेरीस करीत. तीत हौशी वारसदाराचे नाव घालण्यास ते विसरले, एवढेच.

आता आम्ही थोडे शहाणे झालो आहो. हात धुऊन पुरते कोरडे करतो. हातमोजे घालीत नाही, कारण त्यांनी स्पर्श बोथट होतो व जीर्ण कडा फाटते. पान उलटताना बोट जिभेस लावीत नाही. टिपणे शिसपेन्सिलीने करतो. जुन्या पत्रांत वर्तमानपत्राचे कात्रण ठेवीत नाही; लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदातील आम्ल शेजाऱ्यासही बाधते. आणि फाटलेले पान तसेच सपाट ठेवून जाणत्याकडे नेतो.

परंतु हे शहाणपण उशिराचे. ते पत्र कोणा मुलीच्या लग्नाविषयीचे आहे. तिचे नाव नेमके त्या डागाखाली गेले. घरात ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही.