फणसाच्या बुंध्यावरचे औषध

कुडाळ सोडून नेरूरपारचा पूल ओलांडला, की चौक्यावरून मालवणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना परडी लागतात. माड, आंबा, काजू, रातांबा आणि परसदारी एखादा जुनाट फणस. त्या फणसाचा बुंधा जरा निरखून पाहावा. कधी कधी खुराच्या आकाराची, काळपट, लाकडासारखी टणक अळंबी त्याला चिकटलेली दिसते. हाच फणसोंबा. लहान मुलाचे तोंड आले, लाळ फार गळू लागली, की तो पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची रीत कोकणात जुनी आहे. 19व्या शतकातल्या औषधी ग्रंथांतही त्याची नोंद सापडते.

औषधाच्या नावातच झाड आले आहे, आणि ते उगाच नव्हे. अळंबीला हिरवे पान नसते. ती लाकूड कुजवून त्यावरच जगते. लाकूड हीच तिची जमीन! मळ्यातले भात कातळावर तसेच पिकत नाही, तेच इथेही.

आज औषधी अळंबीची लागवड होते. चीनमध्ये लिंगझी आणि जपानात रेशी म्हणतात ती गॅनोडर्मा भुशाच्या पिशव्यांत येते. आपली दमट, उबदार हवा तिला मानवते. पण भुसा कोणता, हे आधी पाहावे. आंबा, रबर अशा रुंद पानांच्या झाडांचा भुसा चालतो. पांगारा, सावर ही हलकी लाकडे लवकर कुजतात, पण त्यांतले अन्नही लवकर सरते. सागाला कूज सहसा लागत नाही. घराच्या वाशाला तो गुण, अळंबीला मात्र अडचण. देवदार, चीड यांच्या राळेचेही तेच. वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाचा भुसा तर घेऊच नये. भुसा चांगला असला, तरी त्यात थोडा भाताचा कोंडा मिसळून तो वाफेवर निर्जंतुक करावा लागतो.

आणखी एक गोष्ट माडवाल्यांनी ध्यानात ठेवावी. गॅनोडर्माच्याच काही जाती माडाचा बुंधा कुजवतात. म्हणून वापरून झालेल्या पिशव्या माडाच्या आळ्यात ओतू नयेत. फणसोंबा धरलेला फणसही आतून पोखरत असतो. आजीच्या सहाणेवरचे औषध म्हणजे त्या झाडाचे दुखणे. खात्री नसलेली अळंबी पोटात मात्र कधी घेऊ नये. आधी जाणत्या वैद्याला दाखवावी.