बी कुठं मिळेल हो?

शहरात भाजीची वाण नाही. बी मात्र मागून बघा! नर्सरीत ब्रोकोली, लेट्यूस, झालंच तर चिनी पाकचोय, सगळ्यांची चकचकीत पाकिटं टांगलेली असतात. चौधारीचं बी विचारलं की दुकानातला मुलगा आपल्याकडे टकामका बघत राहतो. चीनची भाजी मिळते, कुडाळची नाही!

ही उठाठेव मी केली ती सासूबाईंसाठी. गेल्या वर्षी मामंजी गेले. "एकटी कशी राहील ती?" म्हणून ह्यांनी आईंना कुडाळजवळच्या गावाहून ठाण्याला आणलं. आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर परड्यात राबलेली बाई नुसती खिडकीशी बसून राही. जेवण दोन घासांवर आलं. रोज लेकाला एकच प्रश्न, "माका कधी पोचवतलंस?" डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, मन रमवा. टीव्हीने का मन रमतं? एकदा माझी पिशवी उपसताना त्या पुटपुटल्या, "चौधारी नाय, फागलां नाय, ह्यो कसलो बाजार!" फागलां म्हणजे आपली करटुली. तेवढंच मी धरून ठेवलं.

मी दुपारी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीआधी वर्गात विचारलं, "कुणाच्या आजोळी चौधारीचा वेल आहे का रे?" जूनमध्ये एका मुलाने काड्यापेटीतून नऊ बिया आणून दिल्या!

करटुली सापडली स्टेशनबाहेर. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या बायका तिथे रानभाज्या घेऊन बसतात. त्यातल्या एका मावशींनी मला हसून वेड्यात काढलं. "ताई, भाजीच्या करटुल्यात बी कवळं असतं, ते कसं रुजणार? कंद लाव." आठवड्याने पाच कंद दिले आणि बजावलं, "नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. दोन्ही असले तरच फळ."

मैत्रिणींनो, तुम्हाला हौस असेल तर एवढं ध्यानात ठेवा. चौधारीचं बी टणक, रात्रभर भिजवून लावा. फूल लवकर येत नाही म्हणून वेल उपटू नका. दिवस लहान होऊ लागले की मगच ती फुलते. मायाळूला बीसुद्धा लागत नाही, जुडीतली जाड काडी मातीत खोचली की फुटते. कोनफळाचा सालीसकट तुकडा राखेत घोळवून पुरा. संकरित बियांच्या पिकाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येईलच असं नाही. गावठी बी मात्र आपलं आपल्याला धरता येतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बी जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

रंगाचे रिकामे डबे आणले, तशा आई उठल्या. ह्यांच्याकडून भोकं पाडून घेतली. माती कालवताना "तुका काय कळता?" म्हणून लेकाला दटावलंसुद्धा! किती दिवसांनी घरात त्यांचा आवाज चढला. पाच कंदांत तीन मादी निघाले, दोन नर. मादी फुलाच्या मागे इवलासा गोळा असतो. आई नर फूल खुडून अलगद त्याला टेकवत. चौघांना पुरेल अशी भाजी एकदाच झाली. पण त्या दिवशी आईंनी दुसरी भाकरी मागून घेतली.

दिवाळीनंतर चौधारीच्या शेंगा लागल्या. दोन शेंगा वेलावरच वाळू दिल्या, बी राखेत घोळवून बाटलीत भरलं. पहिल्या मजल्यावरच्या तमिळ बाई त्यातल्या चार बिया घेऊन गेल्या आणि अळूचा कंद देऊन गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण तासभर बोलत होत्या!

थंडीत करटुलीचे वेल वाळून गेले. कंद मातीतच ठेवलेत. फाल्गुनात ह्यांनी भीतभीतच विचारलं, "आई, गावचं तिकीट काढू का?"

आई डब्यांकडे बघत म्हणाल्या, "कंद निजलेत रे. पाऊस पडांदे, कोंब येवंदेत, मगे बघूया."