गिअरबॉक्सचं लाल तेल

डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यातली मराठी माणसं पैशाला पासरी मिळतात. नोव्हाय घ्या, कॅन्टन घ्या, ट्रॉय घ्या. गणपतीच्या आरतीला जमलेल्या घोळक्यात एखादा ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणारा निघतो, एखादी दारांची रबरं तपासणारी निघते आणि एक तरी थेट गिअरबॉक्सवाला असतोच. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलावं की नाही, हा विषय या मंडळींत नुसता काढून द्यायचा. मोदक संपतात, वाद संपत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्या गिअरबॉक्सवाल्याला विचारावं, "बाबा रे, तू स्वतः काय करतोस?" तर तो म्हणतो, "मी कुठं बघतो? डीलरकडे टाकतो गाडी."

मी घरी बदलतो. ड्राइव्हवेवर, जुन्या सतरंजीवर पाठ टेकून. गाडी 2010ची होंडा अकॉर्ड, चार सिलिंडरची. या गावात जपानी गाडी ठेवल्याबद्दल काही शेजाऱ्यांनी मला अजून माफ केलेलं नाही, पण तेल बदलताना बघायला मात्र तेच येऊन उभे राहतात.

क्लचच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाला मुख्य काम एकच, दात झिजू द्यायचे नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये त्याच्या गळ्यात चार-पाच कामं बांधलेली असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसलाच प्रकार; फक्त हवेच्या जागी तेल. सिग्नलवरून गाडी निघते ती त्या तेलाच्या रेट्यावर. शिवाय गिअर बदलतात तेही तेलाच्या दाबाने. आत क्लचच्या चकत्यांचे गठ्ठे असतात, ते आवळले जातात त्याच दाबाने. आवळताना त्या चकत्यांनी किती घसरावं आणि कधी घट्ट धरावं, हेसुद्धा तेलाच्या गुणावर ठरतं. आणि या सगळ्या खटाटोपात तयार होणारी उष्णता बाहेर वाहून नेण्याची हमाली पुन्हा त्याच्याकडेच.

म्हणून 'सर्व गाड्यांना चालते' असं छापलेली बाटली दुकानात स्वस्त दिसली तरी मी हात लावत नाही. होंडाचं तेल वेगळं, टोयोटाचं वेगळं, जनरल मोटर्सचं वेगळं. माझ्या गाडीला डीडब्ल्यू-1. लाल रंग मात्र बहुतेकांचा सारखा. तो वरून घातलेला असतो, गाडीखाली डाग दिसला तर इंजिनाचं ऑइल गळतंय की गिअरबॉक्सचं, हे लगेच कळावं म्हणून.

घसरणं आणि धरणं यांचा हा हिशेब जमवायला पूर्वी या तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत असत, हे मला इथे आल्यावर कळलं आणि बराच वेळ पटेना. 1970मध्ये अमेरिकेने तो व्हेल धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकला आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधणं भाग पडलं. म्हणजे ओल्ड्समोबिल चालवणाऱ्या कितीतरी सज्जनांच्या गिअरबॉक्समध्ये तोवर देवमासा फिरत होता.

ओल्ड्समोबिलचं नाव उगाच घेतलं नाही. जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक नावाचा गिअरबॉक्स 1940च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलला 57 डॉलर जादा घेऊन द्यायला सुरुवात केली. मोठ्या प्रमाणावर खपलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. महायुद्धात तोच हलक्या रणगाड्यांत बसवला गेला आणि युद्धानंतर जाहिरात करायला आयतं भांडवल मिळालं. त्याचा कारखाना आमच्या शेजारच्या लिव्होनियात होता. 12 ऑगस्ट 1953 रोजी तिथे काम करणाऱ्या एका कामगाराच्या गॅस टॉर्चची ठिणगी गंजरोधक द्रावणाच्या ट्रेमध्ये पडली. छत डांबराचं, आतल्या आगीला अडवायला भिंती नाहीत. अख्खा कारखाना बेचिराख झाला. कॅडिलॅकसारख्या ऐटबाज गाडीला काही काळ ब्यूइकचा गिअरबॉक्स उसना घ्यावा लागला. कंपनीने मग जवळच्या इप्सिलँटीमधली विलो रन ही प्रचंड शेड घेतली. युद्धात फोर्डने तिथे बी-24 बॉम्बर विमानं बांधली होती. त्याच छपराखाली काही आठवड्यांत गिअरबॉक्स बनू लागले आणि ते 2010पर्यंत बनत राहिले. आता त्या जागेच्या एका भागावर बिनड्रायव्हरच्या गाड्या तपासायचा ट्रॅक आहे. पायाखालचा क्लच जिथे काढला, तिथेच आता ड्रायव्हरलाही काढायची तयारी चालली आहे, म्हणा.

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला. खंबाटकीचा घाट त्यांनी कोणत्या गिअरमध्ये किती वेळा चढला याला गणती नाही. मी गाडीखाली शिरतो हे ऐकल्यावर त्यांचा फोन आला.

"अरे, गिअर तू टाकत नाहीस, तेल तेवढं तू टाकतोस. मग ड्रायव्हर कोण आणि क्लीनर कोण?"

"मामा, इथं मेकॅनिकचा एक तास दीडशे-दोनशे डॉलरला पडतो."

"मग बरोबर आहे की. त्याचा तास महाग असायलाच पाहिजे."

यावर मी काय बोलणार?

पैशांचा भाग आहेच. तीन बाटल्या तेल आणि एक वॉशर, तीस-चाळीस डॉलरच्या आत काम होतं. पण मुख्य कारण वेगळं आहे. बऱ्याच कंपन्या हल्ली गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलायला नको असं सांगतात, काहींनी तर डिपस्टिकही काढून टाकली आहे. त्याच कंपन्यांच्या पुस्तकांत मागच्या पानांवर बारीक अक्षरांत असतं की ट्रेलर ओढत असाल, कडक हवेत किंवा सतत थोड्या थोड्या अंतरावर गाडी चालवत असाल, तर अमुक मैलांनी बदला. आता मिशिगनमध्ये जानेवारीत शाळेच्या दारापर्यंत आणि तिथून किराण्याच्या दुकानापर्यंत गाडी नेणारा माणूस कोणत्या वर्गात मोडतो? उष्णतेने तेल करपतं, त्यातली औषधं संपतात आणि चकत्यांचा कीस त्यात मिसळत राहतो. तेल न बदलून वाचतो तो नव्या गाडीच्या देखभालीचा खर्च, जो विकताना कागदावर कमी दिसलेला बरा असतो. दीड लाख मैलांनंतर गिअरबॉक्स घसरू लागला तर तो दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात घसरतो. आपल्यातले इथे नवीन आलेले बहुतेक जण नेमके असे दुसरे-तिसरे मालक असतात.

दुसऱ्या टोकाला आहे फ्लश. मशीन लावून सगळं तेल एका दमात बदलून देतो, अशी गळ दुकानं घालतात. मला ते नको वाटतं. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ ढवळून कुठल्या बारीक झडपेत जाऊन बसेल ते सांगता येत नाही. आणि "जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो" हे जे आरतीनंतर हमखास ऐकू येतं, त्यातली बरीचशी प्रकरणं अशी असतात की गिअरबॉक्स आधीच घसरत होता, म्हणूनच मालकाला तेलाची आठवण झाली.

होंडाचं काम त्यामानाने सरळ. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गिअरबॉक्सना तळाचं अख्खं पॅन डझनभर बोल्ट काढून उतरवावं लागतं, आतली जाळी बदलावी लागते, गॅस्केट नीट बसवावं लागतं आणि उतरवताना लाल आंघोळ ठरलेली. होंडाला खाली एक बूच. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणायची, तेल कोमट हवं, चटका देणारं नको. पुढचा भाग उचलून जॅक स्टँडवर ठेवायचा, मागच्या चाकांमागे लाकडाचे ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, मग तो जॅक कितीही महागाचा असो.

खाली गेल्यावर दोन बुचं दिसतात, एक इंजिनाचं, एक गिअरबॉक्सचं. गिअरबॉक्सच्या बुचाला षटकोनी डोकं नाही, मधोमध चौकोनी खाच आहे. तीन-अष्टमांश इंचाच्या रॅचेटचं टोक त्या खाचेत थेट बसतं, सॉकेटची गरज नाही. हे ज्याने योजलं त्या इंजिनिअरने कधीतरी स्वतः गाडीखाली झोपून काम केलं असणार. रॅचेटला झटका दिला की बूच सैल होतं, पुढचं बोटांनी फिरवायचं आणि शेवटच्या आट्याला हात पटकन मागे घ्यायचा. तेल आधी धारेने येतं, मग बोटाएवढं जाड होऊन येतं, मग बारीक होत थेंबांवर येतं. नवं तेल उजेडात धरलं तर लाल सरबत म्हणून खपेल असं दिसतं. जुनं तपकिरी असतं. तपकिरी ठीक. काळं आणि करपट वासाचं असेल तर प्रकरण आपल्या हातातलं उरलेलं नाही.

खरी बातमी बुचावर असते. त्याच्या टोकाला लोहचुंबक आहे, त्यावर करड्या रंगाचा लेप जमलेला असतो. तो दोन बोटांत चोळून बघायचा. गुळगुळीत लागला तर नेहमीची झीज आहे, फडक्याने पुसून टाकायचा. बोटांना कण टोचले किंवा चकाकणारे तुकडे दिसले, तर आत काहीतरी तुटतं आहे. डीलरकडे गाडी टाकली की हा लेप कोणीतरी पुसतो आणि आपल्या हाती फक्त बिल येतं.

बुचाचा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घालायचा, एक-दोन डॉलरसाठी चिकटपणा करू नये. आवळायचं 49 न्यूटन-मीटर, टॉर्क रेंच लावूनच. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, "अजून थोडं" म्हणत जोर लावला की आटे गेले. निघालेलं तेल मी दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये ओततो आणि पातळीवर मार्करने रेघ मारतो; जेवढं गेलं तेवढंच वरून, लांब नळीच्या नरसाळ्याने. मग इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर फिरवायचे, एक चक्कर मारून यायची, गाडी सपाटीवर उभी करून इंजिन बंद करायचं आणि 60 ते 90 सेकंदांत डिपस्टिक बघायची. हे होंडाचं झालं. इतर कित्येक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, तेव्हा शेजाऱ्याचं ऐकू नका, पुस्तक बघा.

यात निघतं साधारण अडीच लीटर. गिअरबॉक्समध्ये एकूण असतं साडेसहाच्या आसपास, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं. लागोपाठ तीनदा केलं तर तीन-चतुर्थांशाच्या वर तेल नवं होतं. मी तसं करत नाही. दर वर्षी एकदा काढतो नि भरतो, गिअरबॉक्सला सवय होत जाते आणि माझीही पाठ वाचते.

काम घरी करण्यातली अडचण पान्याची नाही, जागेची आहे. भाड्याच्या अपार्टमेंटच्या करारात आवारात गाडी दुरुस्त करायला सर्रास मनाई असते, आणि स्वतःचं घर झालं तरी असोसिएशनची नियमावली असते. सिमेंटवर चार थेंब सांडले तर त्यावर मांजराच्या शीच्या मातीचा थर टाकायचा आणि रात्रभर ठेवायचा. आमच्याकडे मांजर नाही, त्याची माती मात्र गराजमध्ये पोत्याने आहे. जुनं तेल कचऱ्यात किंवा गटारात नाही. एका ऑइल चेंजमधलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं, आणि आमच्याकडची गटारं शेवटी नदीत आणि ग्रेट लेक्समध्ये जातात. सुटे भाग विकणारी बहुतेक मोठी दुकानं वापरलेलं तेल फुकट घेतात. गॅलन काउंटरवर न्यायचा, मागच्या टाकीत रिकामा करायचा, संपलं. टॉर्क रेंच आणि इतर हत्यारंही तिथे अनामत ठेवून वापरायला मिळतात, त्यामुळे हत्यारं नाहीत ही सबब चालणार नाही.

तेव्हा आरतीला येणाऱ्या इंजिनिअर मंडळींनो, बर्फ पडायच्या आधी ऑक्टोबरचा एखादा कोरडा शनिवार बघा. एकच सांगणं. खालच्या बुचाला हात लावायच्या आधी वरचं, भरायचं बूच सैल होतंय का ते बघा. ते वर्षानुवर्षं उघडलेलं नसतं आणि कधी कधी हलत नाही. ते हललं नाही, तर खालचं उघडू नका. गाडी चालवत मेकॅनिककडे न्या.