आजोबांची झोळी आणि भाचीची पाठ

आमच्या माळ्यावर खाकी कॅनव्हासची एक जुनी झोळी आहे. आजोबा खानापूरच्या रानात शिकारीला जात, तेव्हाची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदूक गेली, झोळी राहिली. यंदा भाची भीमगड अभयारण्याच्या बाजूला तीन दिवसांच्या पक्षीनिरीक्षण शिबिराला निघाली आणि म्हणाली, "मामा, मी हीच नेणार. काय मस्त दिसते!"

दिसते खरी. पण तिला एकच पट्टा, सगळा भार एका खांद्यावर. गेल्या वर्षी कॉलेजची बॅग अशीच एका खांद्यावर वाहून या मुलीची पाठ धरली होती. सहा आठवडे व्यायाम आणि शेक चालले होते. ताईने स्पष्ट सांगितलं, पुन्हा दुखलं तर जंगल बंद. मग आम्ही दोघं खडेबाजारात गेलो.

दुकानदाराने उंची बघून थेट पासष्ट लिटरची मोठी बॅग काढली. भाची माझ्याहून उंच आहे, पण तिची उंची सगळी पायांत! बॅग उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते. मान पुढे झुकवली की मागे जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. तिची भरली बेचाळीस सेंटिमीटर. मोठ्या बॅगेचा कमरपट्टा त्यामुळे कुल्ल्यांवर उतरत होता. तो कमरेच्या हाडावर नीट बसला, तरच बहुतेक वजन पायांकडे जातं. खांद्यांनी बॅग फक्त सांभाळायची. शेवटी पाठीची लांबी कमीजास्त करता येणारी चाळीस लिटरची घेतली. मोठी बॅग घेतली की माणूस ती भरतोच, हा आमच्या घराण्याचा गुण आहे.

रंगावरून थोडं भांडण झालं. तिला नारिंगी हवी होती. पक्ष्यांना रंग छान दिसतात म्हटल्यावर मातकट हिरव्यावर तडजोड झाली. एका बॅगेचा खिसा उघडताना वेल्क्रो असा करकरला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. ती बॅग तिथेच ठेवली.

घरी आल्यावर परीक्षा. बासमतीची पाच किलोची पिशवी चादरीत गुंडाळून पाठीलगत मधोमध ठेवली, वर पाण्याच्या तीन बाटल्या म्हणजे तीन किलो, बाकी कपडे. बॅगेसकट दहाच्या आसपास. भाचीचं वजन पन्नास. पाचव्या हिश्श्याच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धा तास गच्चीचे जिने चढउतार. पहिल्यांदा खांदे भरून आले, कारण तिने खांद्याचे पट्टे आधी आवळले होते. आधी कमरपट्टा, मग खांदे, असं केल्यावर म्हणाली, "आता जाणवत नाही."

ताईने तरी कुकर काढायला लावला. जंगलात कुकर कशाला, हे मलाही कळलं नव्हतं.

शनिवारी पहाटे खानापूरची गाडी आहे.