विसण

पहाटे चुलवणात तुराट्या कडकडायला लागल्या की आम्हा भावंडांना जाग यायची. हंडा बाहेरून काजळीनं काळाकुट्ट, तोंडाशी मात्र पांढरी वाफ. आजी घंगाळात कढत पाणी ओतायची. मग रांजणातलं गार पाणी तांब्या-तांब्यानं त्यात सोडायची आणि दर तांब्याला हात बुडवून बघायची. या वरून घातलेल्या गार पाण्याला विसण म्हणतात. विसण जास्त झालं तर पोर काकडतं, कमी पडलं तर भाजतं. तो बेत आजीच्या बोटांना ठाऊक होता. ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी न्हायची. तोवर चुलवण विझत आलेलं असायचं.

पुढं कितीतरी वर्षांनी पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या सार्वजनिक स्नानगृहाचा आराखडा बघितला, तेव्हा आधी आठवला तो आजीचा हात. एक दालन गार पाण्याचं, एक कढत पाण्याचं आणि मधलं कोमट, अंगाला सोसेल असं. त्या मधल्या दालनाचं काम विसणाचंच होतं. ऊन-गारठ्याची एकदम गाठ पडू नये म्हणून रोमनांनी एक अख्खी खोली बांधली होती!

पॉम्पेईचं हे स्टेबियन स्नानगृह आज शिल्लक असलेल्या रोमन स्नानगृहांत फार जुनं. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, भट्टी दोघांच्या मध्ये. कढत दालनाची फरशी जमिनीला टेकलेली नसे. विटांच्या बुटक्या खांबांवर ती तोललेली असे. भट्टीची ऊन हवा त्या खांबांमधून फिरायची आणि भिंतींतल्या पोकळीतून वर चढायची. लोक अंगाला तेल चोळायचे आणि धातूच्या वाकड्या पट्टीनं मळ निपटून काढायचे. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लागतं, टाचांवर वजरी फिरते, ते हेच. आत जायला बहुधा एक क्वाड्रान्स पडे. क्वाड्रान्स म्हणजे त्यांच्या चलनातलं सगळ्यांत हलकं तांब्याचं नाणं. हमालाच्या कनवटीलाही ते असणार. एवढ्याशा नाण्यावर त्याला कढत पाणी मिळत होतं, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या विजयकमानींहून मोठी वाटते.

रोमनांचा हा विषय आम्हा बीडकरांना परका नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या वाटाड्या-पुस्तकात पैठण आणि तगर ही दोन्ही गावं आहेत. तगर म्हणजे आपलं तेर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात यायचा, असं तो सांगतो. नकाशावर पैठण ते तेर पट्टी ठेवा, ती बीडजवळून जाते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पॉम्पेई गाडलं गेलं. त्या राखेतून १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. अगदी तिच्या वळणाच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. ती पॉम्पेईत ज्या घरात मिळाली, तिथून स्टेबियन स्नानगृह चालत काही मिनिटांवर. त्या घरची माणसं न्हाऊन, ओल्या केसांनी घरी येत असतील, तेव्हा दक्खनची ही लेक त्यांच्या वाटेकडे बघत असेल.

खुद्द रोममध्ये २१६ साली सम्राट कॅराकॅलाचं अवाढव्य स्नानगृह उघडलं. त्याच्या भिंती आजही आभाळाला भिडलेल्या आहेत. पण इतक्या हौदांना पाणी पुरायचं ते दूरच्या डोंगरांतून आणलेल्या कालव्यांनी. ५३७ साली गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि हे कालवे तोडले. भिंती जागेवर होत्या, संगमरवर होता, हौदही होते. पाण्याची वाट तुटली आणि स्नानगृहं मुकी झाली.

पाण्याची वाट तगली तर काय होतं, ते बघायला आमच्या गावी यावं. बीडपासून काही किलोमीटरवर, सोलापूरच्या अंगाला, खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली. रचना राजा भास्कर नावाच्या जाणकाराची. वरून बघितलं तर एक रुंद, गोल, दगडी विहीर, एवढंच. खरं बांधकाम मातीखाली आहे. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून बाहेर पडून बलगुजार भागातल्या शेतांकडे जातं. मोट नाही, मोटार नाही. उताराचा बेत एवढा नेमका की पाणी आपल्या पायांनी चालत शिवारात पोचतं. दुष्काळातही या विहिरीचं पाणी सहसा हटत नाही, असं गावकरी अभिमानानं सांगतात. ज्या जिल्ह्यात टँकरच्या शिट्टीवर आयाबाया घागरी घेऊन धावल्या, तिथं हे दगडी वाक्य जवळजवळ साडेचार शतकं उभं आहे. मी काठावर उभा राहतो तेव्हा भुयाराच्या तोंडाशी पाणी हळूच हलताना दिसतं आणि गळा दाटून येतो.

पाण्याची वाट कुणीतरी खणलेली असते, चुलीपाशी कुणीतरी बसलेलं असतं. रोमच्या भट्ट्यांत लाकडं सारणारे बहुतेक गुलाम होते. वर लोक वाफेत सुखावायचे, ते खाली धुरात खोकायचे. उत्खननात फरशीखालची काजळी सापडते तेव्हा मला त्यांची आठवण होते.

आणि आमच्या माणसांची. दसरा झाला की बीडमधली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ पाचटाची कोपी, शेजारी कालवा नाहीतर ओढा. सगळ्यांच्या आधी, अंधारातच बाई उठते. तीन बाजूंना जुनेर बांधते, चौथ्या बाजूला अंधाराचा पडदा, आणि उजाडायच्या आत अंगावर चार तांबे घेते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी राज्य हादरलं. त्या दुखण्याची मुळं शोधताना स्वच्छ पाणी आणि आडोसा नसणं विसरता येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी हमालाला एका क्वाड्रान्समध्ये जे मिळालं, ते साऱ्या राज्याचा चहा गोड करणाऱ्या बाईला आज मिळायला हवं. चार भिंती, एक कडी आणि ऊन पाणी. प्रत्येक फडापाशी आधी न्हाणी उभी राहावी आणि मग कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडावी, एवढं मला मनापासून वाटतं.

एका थंडीत अशाच फडावर मी पहाटे पोचलो होतो. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं, खाली पाचट भडकलेलं. एक बाई प्लास्टिकच्या बादलीत कढत पाणी ओतत होती. मग घागरीतलं गार पाणी तांब्यानं सोडलं आणि हात बुडवून बघितला. पुन्हा थोडं विसण, पुन्हा हात. शेजारी तिचं पोर उघड्या अंगानं कुडकुडत उभं होतं.

"ये," ती म्हणाली, "आता भाजायचं न्हाई."