७२ मतांनी गेलेलं पोरगं

सप्टेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या वाचकांनी फोन लावून एका पोराला मारलं. जेसन टॉड त्याचं नाव, बॅटमॅन कॉमिक्समधला दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा जोडीदार. स्फोट होतो, ४२७ वा अंक तिथंच संपतो आणि मागं दोन फोन नंबर छापलेले: पोरगा जगावा वाटत असेल तर हा, मरावा वाटत असेल तर तो. एका फोनला पन्नास सेंट, मुदत दीड दिवस. जगावा म्हणणारे ५,२७१, मरावा म्हणणारे ५,३४३. आमच्या मुखेड तालुक्यात सरपंचकीचे निकाल लागतात तसल्या फरकानं, ७२ मतांनी, लेकरू गेलं.

ग्रंथालयात पुस्तकं देता-घेता मी कॉमिक्सच्या अभ्यासाला लागलो. सुपरहिरोच्या पोरसवदा जोडीदाराबद्दल वाचकांना काय वाटतं, असं कुणी विचारलं की मी याच निकालापासून सुरुवात करतो.

पहिला रॉबिन १९४० चा. वाचणारं पोरच आहे, तर चित्रातही एक पोर असावं, म्हणजे ते त्याच्यात स्वतःला पाहील, हा त्यामागचा हिशेब. खप वाढला, पण हिशेब सगळ्यांना लागू पडला नाही. व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की लहानपणी ते स्वतःला मोठ्या हिरोंच्या जागी बघायचे आणि रॉबिनचा त्यांना राग यायचा. मला हे शंभर टक्के पटतं. खेळात चोर-पोलीस ठरवताना हवालदार व्हायला कोण तयार असतं? स्टॅन ली यांनाही असले जोडीदार आवडायचे नाहीत. १९६२ मध्ये आलेला त्यांचा स्पायडरमॅन शाळकरी आहे, पण तो कुणाच्या मागं चालत नाही.

आपल्याकडं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तसाच. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश संकटात स्वतःच उडी घेतो. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या गुहेत रेक्स नावाचा मुलगा वाढला, पण जुने वाचक भेटले की वेताळ, घोडा आणि कुत्रा एवढंच बोलतात. रेक्सचं नाव मलाच काढावं लागतं.

जेसनची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९८३ मध्ये तो आला तेव्हा पहिल्या रॉबिनचीच नक्कल होता, सर्कशीतलाच. १९८७ मध्ये त्याचा जन्म नव्यानं लिहिला गेला: रस्त्यावर वाढलेला, बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला. उर्मट, ऐकून न घेणारा. लेखक जिम स्टार्लिन यांनाच रॉबिन ही कल्पना मान्य नव्हती, मग कथेत त्याला सांभाळून कोण घेणार? वाचकांनी त्याला मारलं ते तो जोडीदार होता म्हणून नव्हे, आज्ञाधारक जोडीदार नव्हता म्हणून, असं माझं मत आहे.

आमच्या बालविभागात येणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली की चाकं चोरण्याशीच ती अडकतात. बॅटमॅनच्या गाडीची? चारही? कशानं काढली? दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि जी आजीजवळ मागं राहतात, त्यांचं मत तर ठरलेलंच: "त्याला कामून मारायचं? त्यानं काय केलतं?" पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरे मारायची यांना खोड आहे. नियमानं ते खोडायला हवेत, मी खोडत नाही. 'लय भारी', खाली दुसऱ्या अक्षरात 'खोटं हाय', त्याखाली तिसऱ्यानं मारामारीचं पान कुठं आहे ते लिहिलेलं. छापून येणाऱ्या वाचकपत्रांपेक्षा माझा भरवसा या पानावर जास्त.

फोनच्या मतदानावर तर अजिबात नाही. संपादक डेनिस ओ'नील यांनी पुढं सांगितलं, की कुणा एकानं संगणक लावून 'मरावा'चा नंबर पुन्हापुन्हा फिरवला असं त्यांच्या कानावर आलं होतं. फरक ७२ चा, म्हणजे तेवढंही पुरे. आणि पन्नास सेंट टाकून फोन करणारा वाचक अंक उसना घेऊन वाचणारा नसणार.

२००५ मध्ये प्रकाशक कंपनीनं जेसनला जिवंत करून आणलं, रेड हूड म्हणून, चांगला तापट. आता त्याचे चाहते खूप. चित्रकार जिम अपारो यांनी १९८८ मध्येच दोन्ही शेवट काढून ठेवले होते. रॉबिन जगतो ते पान घालून ४२७ नंतरचा अंक २०२३ मध्ये छापला गेला. मला तो बालविभागात हवा आहे. अनुदानाच्या यादीत कॉमिक्स कुठल्या रकान्यात दाखवायचं, यावर सध्या घोडं अडलंय.