अण्णांचा हौदा

आज खताचं, फवारणीचं काही नाही. काल खोडव्याला पाणी देत होतो, तिथं एक गोष्ट आठवली ती लिहितो.

आमच्या विहिरीजवळ अर्धा गुंठा जागा आहे. सगळीकडं काळी जमीन, मधे तेवढाच तांबडा तुकडा. पाणी दिलं की बाकी रानाला वाफसा यायला पाच-सहा दिवस लागतात, हा तुकडा तिसऱ्या दिवशीच वाफशावर. उन्हाळ्यात ऊस सगळ्यात आधी तिथंच मान टाकतो. नवीन माणूस विचारतो, इथं मुरूम पडलाय का? मुरूम नाही. तो अण्णांचा कुस्तीचा हौदा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव कराडच्या जवळच. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं ब्राँझ पदक घेऊन आले. कराडहून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली, दीडशे बैलगाड्या होत्या म्हणतात. त्यात एक आमच्या आजोबांची. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे. म्हणायचे, "मला वाटलेलं डोंगराएवढा गडी असंल. बघतोय तर आपल्या चुलत्याएवढाबी न्हाई. मग म्हटलं, हे आपल्यालाबी जमंल." दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू.

पण जमलं नाही. आजोबा लवकर गेले. पाठीमागं तीन भावंडं, दोन बहिणींची लग्नं. दुधाचा खुराक भावांच्या वाट्याला गेला आणि अण्णांनी लांघ खुंटीला टांगली. मैदान सुटलं, माती सुटली नाही. पाटणच्या डोंगराकडून दोन गाड्या तांबडी माती आणून त्यांनी विहिरीजवळ हौदा केला. पहाटे चारला उठून हौदा उकरायचा, जोर मारायचे, मग धारा. आम्ही भावंडं त्यांच्या पाठीवर बसायचो आणि ते आमच्यासकट जोर मारायचे. गावातली पोरं यायची, त्यांना डाव शिकवायचे. पैसा कधी घेतला नाही.

हौद्याची माती शेतासारखीच सांभाळावी लागते. चाळायची, खडा ठेवायचा नाही. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची. कोरडी झाली की कातडं सोलतं, ओली झाली की पाय सरकतो. अण्णा मूठभर माती दाबायचे. मुठीत गोळा व्हायला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे. वाफसा मी पुस्तकात शिकलो नाही, तिथं शिकलो. आजही औत घालायच्या आधी तसंच बघतो.

क्रिकेटही त्यांना आवडायचं. १९८३ ची फायनल आम्ही गोठ्यात रेडिओ लावून ऐकली. आपले १८३ वर सगळे बाद झाले, मी रडायला लागलो. अण्णा धार काढता काढता म्हणाले, "लेका, गडी खाली आलाय, पाठ लागली न्हाई अजून." त्या रात्री आपण कप जिंकला. पुढं कर्ज झालं, एक वर्ष ऊस वाळला, तरी घरात तेच वाक्य चालायचं.

आता माझी चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी ठिबक केलं. नळ्यांच्या मधे हौदा येत होता. तोवर तिथं कोणी उतरतही नव्हतं. मी अण्णांना न विचारता ट्रॅक्टर घातला आणि सरी सोडली. अण्णा विहिरीच्या कठड्यावर बसून बघत होते. म्हणाले, "बरं केलंस. रिकामी जागा कशाला पोसायची." संध्याकाळी घरी आलो तर तुळशीच्या बुंध्याला घमेलंभर तांबडी माती. स्वतः उचलून आणली होती, पंचाहत्तरीच्या जवळ आलेला माणूस. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. चार वर्षांनी ते गेले. तो विषय आमच्यात निघायचा राहूनच गेला.

एकरी चाळीस टन धरला तर अर्ध्या गुंठ्यात अर्धा टन ऊस. तेवढ्यासाठी मी हौदा मोडला.

परवा गावातल्या दोन मुली आल्या. कुस्ती शिकतात, रोज तालुक्याला जायला एसटीची वेळ जमत नाही. म्हणाल्या, "काका, सरावाला कुठं जागा मिळंल का?" मी बायकोकडं बघितलं, ती तुळशीकडं बघत होती.

खोडवा तुटला की त्या तुकड्यात आता सरी सोडायची नाही, ठरलं. नळी बाजूनं वळवून घेतो. पण बारा वर्षांत त्या मातीत काळी माती, खत, पाचट सगळं मिसळलंय. वरचा थर काढून नवीन तांबडी माती भरावी, का आहे तीच चाळून घ्यावी? कुणी हौदा केला असेल तर सांगा. तुळशीतली घमेलंभर तेवढी शेवटी वरून टाकणार आहे.